श्वास धरा म्हटल्यावर

आक्का,

एकवीस फेब्रुवारी एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर, मंगळवार. पंच्याऐंशी रुपये. हजर : तू, मी, यंत्रावरची मुलगी आणि शेवटची काही मिनिटं मोठे डॉक्टर. तुझ्याबद्दल लिहायला बसलो आणि आधी हेच आठवलं. कुणी म्हणेल, बहीण जाऊन आठवडा होत नाही तोवर हा पावत्या काय वाचतोय. तू तसं म्हणाली नसतीस. तू म्हणाली असतीस, "पंच्याऐंशी? तेवढ्यात शेळी आली आसती नामा, आन् दूध बी दिलं आसतं." मुंबईहून परतताना कर्जतपासून खंडाळ्यापर्यंत तू त्या शेळीवरच बोलत होतीस.

काल तुझ्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. परंदवडीहून भावकी आली होती, लोणावळ्याची आपली सगळी आळी होती. तू कष्टाळू होतीस, मायाळू होतीस, कुणाला उपाशी जाऊ दिलं नाहीस, असं सगळे बोलले. ते खरंच आहे. मला बोला म्हणाले, तेव्हा मी हात जोडून बसून राहिलो. मला जे सांगायचं होतं ते तुझ्या एकटीशी होतं, आणि त्यात थोडं भांडणही होतं. ते चारचौघांत कसं सांगणार?

त्या वर्षी माघात तू बाजारातून घरी येताना रस्त्यातल्या मोरीच्या कठड्यापाशी थांबायला लागलीस. आधी एकदा, मग रोज. कुणी विचारलं तर म्हणायचीस, "पानी बघते." मोरीत पाणी नव्हतं. तुझ्या भावजयीने, सुमनने मला ते सांगितलं, आणि मग मीही एकदा तुझ्या मागून आलो. तुझ्या हातात कोथिंबिरीची जुडी सोडली तर काही नव्हतं, तरी तुझा खांदा वरखाली होत होता. आपल्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं आणि म्हणाले, "हृदयात एक जादा आवाज येतोय. मुंबईला नवीन यंत्र आलंय, त्यावर दाखवून या. मी चिठ्ठी देतो."

ते यंत्र आवाजाच्या लाटांनी हृदय पाहतं, असं त्यांनी समजावलं. कानाला ऐकू न येणारा आवाज आत सोडायचा आणि त्याचा परतून आलेला प्रतिध्वनी कागदाच्या लांब पट्टीवर उमटवायचा. तू म्हणालीस, "म्हंजे लेण्यात वरडल्यावानी." मी म्हणालो, जवळजवळ तसंच.

खोलीत अंधार होता. तुला कुशीवर निजवलं, छातीला थंड मलम लावलं, आणि मला पडद्याबाहेर स्टुलावर बसवलं. मुलगी चांगली होती, तुला आजी म्हणत होती. तिची नजर यंत्रावर होती. पडद्याआडून मला फक्त तिचं बोलणं ऐकू येत होतं. "आजी, श्वास सोडा. आता धरा. हं, घ्या." असं बऱ्याच वेळा झालं. मधेमधे बराच वेळ शांतता असे. मला वाटलं, यंत्राला वेळ लागतो.

मोठ्या डॉक्टरांनी मला बाहेर नेऊन ती पट्टी उजेडात धरली. फुफ्फुसाकडे रक्त सोडणाऱ्या झडपेची रेघ त्यांनी बोटाने दाखवली. "इथे एक लहानसं वळण दिसायला हवं. ते दिसत नाही. फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्यांत दाब वाढला असेल तर असं होतं. ही शंका आहे, निदान नाही. नक्की करायचं तर मांडीच्या शिरेतून हृदयात नळी न्यावी लागेल. आपण दोन महिने थांबू. तोवर चढ नाही, ओझं नाही, मीठ कमी."

मी विचारलं, औषध? ते म्हणाले, "या आजाराला तसं खास औषध आज नाही." मी विचारलं, किती वर्षं? आयुष्यभर मला आकड्याशिवाय काही समजलेलं नाही, कारखान्याच्या हिशेब खात्यात दुसरं काही शिकलोही नाही. ते म्हणाले, "आकडा विचारू नका." मी पुन्हा विचारलं. तेव्हा ते म्हणाले, "शंका खरी ठरली, तर फार नाहीत. आणि शेवटी दम फार लागतो."

हे शेवटचं वाक्य मी घरी आणलं. शंका आहे, निदान नाही, हे त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं, ते मात्र माझ्या ध्यानात राहिलं नाही. आई कशी गेली ते तुला आणि मला दोघांनाच माहीत होतं. उशांना टेकून, खिडकीकडे तोंड करून, हवेच्या एकेका घोटासाठी धडपडत. तुला तसं जाताना पाहायचं, हे मला जमण्यातलं नव्हतं. मी सुमनला सांगितलं आणि आम्ही ठरवलं की तुला सांगायचं नाही. तुला एवढंच सांगितलं, की दोन महिन्यांनी परत दाखवायचं आहे. बाजार मी आणू लागलो. भाकरीच्या पिठात सुमन मीठ कमी घालू लागली. तू ताटातली भाकरी उलटसुलट करून म्हणालीस, "मिठाला बी रेशन लागलं व्हय?"

आणि मी तुझ्याशी भांडायचं बंद केलं.

आपलं भांडण जुनं होतं. भाऊजी गेल्यावर तू लोणावळ्याला माझ्याकडे आलीस आणि डोंगराकडच्या त्या योगाश्रमात अंगण झाडायला लागलीस. छप्पन सालच्या आसपासची गोष्ट, आपण नुकताच धम्म घेतला होता. सकाळी ओसरीवर बायकांचा वर्ग चाले आणि तू खराटा हातात धरून खालून पाहायचीस. पाहून पाहून शिकलीस. श्वास भरायचा, हनुवटी छातीला लावायची, पोट आत घट्ट ओढायचं आणि कोंडून धरायचं. पुढे तिथल्या एका बाईंच्या ते लक्षात आलं आणि त्यांनी तुला वर बोलावून चटई दिली. पण तोवर तुझी पद्धत तुझी झाली होती. त्या म्हणत, एवढा जोर लावू नका. तू हो म्हणायचीस आणि तेवढाच लावायचीस.

मला ते आवडत नसे. मी म्हणायचो, "आक्का, आपल्याकडे श्वास नुसता पाहायला सांगितलाय. येतो, जातो, पाहायचा. कोंडायला नाही सांगितलं."

"तू बघतोस का?"

"मला वेळ नसतो."

"मग ज्याला येळ हाय त्याला करू दे की."

एकदा मी फार बोललो. म्हणालो, इतकी वर्षं ज्यांनी आपल्याला ओसरीखाली उभं केलं, त्यांची विद्या कशाला उचलतेस? तू चुलीपुढे होतीस. तवा खाली उतरवलास आणि शांतपणे म्हणालीस, "इद्या त्यांची आसंल. दम माजाच हाय न्हवं?" याला मी बरीच उत्तरं दिली. त्यातलं एकही मला आज आठवत नाही, तुझा प्रश्न आठवतो. रोज सकाळी तू भिंतीशी बसायचीस, मी दाढी करता करता एखादा शेरा मारायचो, आणि तू श्वास कोंडलेला असल्यामुळे लगेच उलट बोलू शकायची नाहीस. हे मला सोयीचं होतं. श्वास सोडलास की पहिला शब्द माझ्यासाठी असे, आणि तो बहुधा शिवीच असे.

मुंबईहून आल्यावर मी शेरे मारायचं सोडून दिलं. तू भिंतीशी बसलीस की मी वर्तमानपत्र घेऊन अंगणात जाई. तीन-चार दिवस तू पाहिलंस. मग एका सकाळी तू श्वास सोडलास, थोडी थांबलीस आणि मला आत हाक मारलीस.

"नामा, मी मरनार हाय का?"

"काय बोलतेस आक्का, भलतंच."

"मग भांडत का न्हाईस?"

मी काहीतरी सांगितलं. ऑफिसात काम फार आहे, डोकं दुखतं. तू माझ्याकडे पाहत होतीस. "वीस वर्सं तुजं डोस्कं दुकलं न्हाई व्हय कदी? आरं, तू मला आक्का आक्का म्हनून गोड बोलाया लागलास तवाच मी वळकलं. आईच्या टायमाला बी आसाच गोड झालतास."

मी रुमाल शोधत राहिलो. तू उठून मला चहा केलास. साखर जास्त घातलीस आणि म्हणालीस, "मीठ न्हाई तर न्हाई, साकर तरी खा." त्या दिवसापासून तुला सगळं माहीत होतं आणि तुला माहीत आहे हे मलाही माहीत होतं. तरी आपण दोघं बाकीच्या गोष्टींवर बोलत होतो. अशा वेळी काय बोलायचं असतं ते मला अजूनही कळत नाही. तू मात्र बोललीस, एकदाच. संध्याकाळी धान्य निवडत बसली होतीस तेव्हा सूप न थांबवता म्हणालीस, "मरायचं काय न्हाई. पन आईवानी नको." मी हं म्हणालो. एवढंच.

पुढे जे झालं ते तुझ्या बढाईमुळे झालं. मार्च संपत आला होता. शेजारच्या ठकूमावशी स्वयंपाकघरात आल्या होत्या आणि तू त्यांना मुंबईची हकीकत सांगत होतीस. मी बाहेरच्या खोलीत होतो. यंत्र, अंधार, थंड मलम, पंच्याऐंशी रुपये, शेळी, सगळं झालं. मग तू म्हणालीस, "आन् ती पोरगी म्हनती, आजी, श्वास धरा. म्हनलं, बाई, तू कुनाला सांगतीस? आसा धरला, आसा धरला, ती पोरगी घ्या म्हनली तरी मी काय लगीच सोडला न्हाई. मुंबईवाल्यास्नी बी कळू दे, लोनावळ्याची मानसं दम कसा धरत्यात."

"कसा गं धरलास?" मावशींनी विचारलं.

"बग."

मावशी आधी हसत होत्या, मग हसायच्या थांबल्या. "आगं सोड, सोड! मानंच्या शिरा बग कशा फुगल्यात. डोळं बाहीर येत्याल!"

मी दारात जाऊन उभा राहिलो. तुझी हनुवटी छातीत रुतली होती, पोट पाठीला लागलं होतं, तोंड काळंनिळं झालं होतं. मी तुला रोज सकाळी पाठमोरी पाहिली होती, अशी समोरून कधी पाहिली नव्हती. तू श्वास सोडलास आणि माझ्याकडे पाहून म्हणालीस, "काय रे? आता भांडनार का?"

मी विचारलं, "आक्का, तिथं यंत्रावर तू हे केलंस?"

"मग? श्वास धरा म्हनल्यावर काय करत्यात?"

"दरवेळी?"

"दरयेळी. येकदा बी चुकले न्हाई."

यंत्रावरच्या मुलीने श्वास सोडून मग थांबायला सांगितलं होतं. नुसतं शांत थांबायचं. पण 'श्वास धरा' म्हटल्यावर तुला एकच गोष्ट येत होती, आणि ती तू वीस वर्षं मन लावून केली होतीस. मी त्याच दिवशी मोठ्या डॉक्टरांना पत्र लिहिलं. तू हनुवटी कुठे लावतेस, पोट कसं ओढतेस, सगळं बैजवार. लिहिताना मला स्वतःचीच लाज वाटत होती. वाटत होतं, जगण्याच्या आशेने माणूस काय काय शोधून काढतो असं ते म्हणतील. त्यांचं उत्तर लगेच आलं : ताबडतोब घेऊन या.

एप्रिलमध्ये आपण परत गेलो. या वेळी डॉक्टरांनी मला पडद्याच्या आत उभं केलं आणि दिवा लावायला सांगितला. तुला म्हणाले, "आजी, आधी तुमची विद्या दाखवा." तू दाखवलीस. त्यांनी पट्टी पाहिली. मग म्हणाले, "आता काही करायचं नाही. श्वास सोडा आणि नुसत्या पडून राहा. जोर नाही."

"नुसतं?"

"नुसतं."

तुला ते फार जड गेलं. दोन-तीनदा हनुवटी आपसूक खाली गेली आणि त्या मुलीने हसत ती बोटाने वर केली. मग जमलं. डॉक्टरांनी दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी धरल्या. दुसऱ्या पट्टीवर ते लहानसं वळण होतं. मलासुद्धा दिसलं. "कोंडून जोर लावला की छातीतला दाब वाढतो आणि उजव्या बाजूला रक्तच कमी येतं," ते म्हणाले. "मग रेघ अशी बिघडते. आम्ही हृदय पाहत होतो, चेहरा पाहायला हवा होता." मग त्यांनी तुझी खालची पापणी ओढून पाहिली आणि रक्त तपासायला पाठवलं. रक्त फार कमी होतं. दम त्याने लागत होता, जादा आवाजही त्यानेच. नळी घालायची गरज राहिली नाही. तुला लोहाच्या गोळ्या दिल्या.

"लोखंडाच्या?" तू विचारलंस. "त्येच्यासाठी येवढ्या लांब आनलं? स्टेशनात रूळ चाटला आसता."

जिन्यात मी एका पायरीवर बसलो. उठवेना. येणारे-जाणारे लोक मला रुग्ण समजून वाट देत होते. तू शेजारी उभी राहिलीस आणि पदराने मला वारा घातलास. मला तेवढं पुरलं, पण आज वाटतं की मी काहीतरी बोलायला हवं होतं. आक्का, मला फार बरं वाटलं, एवढं तरी. तेही राहून गेलं. आता म्हणतो.

त्यानंतर तू पावणेदोन वर्षं होतीस. दम लागला नाही. मोरीपाशी थांबलीस ती फक्त कुणी भेटलं तर. आपलं भांडण दुसऱ्या दिवशी सकाळी, दाढीच्या वेळी, जिथे थांबलं होतं तिथून सुरू झालं.

परवाच्या रविवारी तू वाटाणे सोलता सोलता डोकं दुखतं म्हणालीस आणि आडवी झालीस. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली होती. दवाखान्यात दोन दिवस तू होतीस, पण जागी नव्हतीस. आपल्या डॉक्टरांनी नळी लावून पाहिली आणि मला म्हणाले, "हृदय उत्तम चाललंय हो." ते बिचारे ओशाळले. मला मात्र ते ऐकून खरंच बरं वाटलं.

मी उशाशी बसून होतो. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. श्वास येतो, जातो, नुसता पाहायचा, असं मी तुला वीस वर्षं सांगितलं आणि स्वतः कधी पाहिला नाही. त्या दोन दिवसांत पाहिला, तुझा. येत होता, जात होता. कुठे अडत नव्हता, कशासाठी धडपडत नव्हता. मंगळवारी सकाळी एक गेला आणि पुढचा आला नाही. आईवानी नको, म्हणाली होतीस. तसं झालं नाही, आक्का. मी शेवटपर्यंत पाहत होतो म्हणून खात्रीने सांगतो. घरी येताना मला रडू आलं, पण छातीवरचं एक मोठं ओझं उतरल्यासारखंही वाटत होतं. हे दोन्ही एकदम होतं, आणि मी दोन्हीला होऊ दिलं.

आता बेडशाच्या लेण्यांचा दिवस लिहितो आणि थांबतो.

दुसऱ्या पट्टीनंतरची ती वैशाखी पौर्णिमा. दरवर्षी तू लेण्यांत जायचीस, आणि त्या वर्षी तर जाणारच होतीस. डॉक्टरांनी चढायला परवानगी दिली होती, पण मी आपला मीच. सकाळी उन्हाच्या आधी आपण बेडशात उतरलो तेव्हा मी गावातले दोघे भाऊ ठरवून ठेवले होते. खुर्चीला दोन बांबू बांधून त्यांनी डोली केली होती. वर नेणं, खाली आणणं, सोळा रुपये.

"बसा आजी," थोरला म्हणाला. "लय चढ हाय."

"मला पाय हायत की."

"सायबांनी ठरवलंय."

"मग सायबाला बसिव."

तू चालू लागलीस. मागे मी, माझ्यामागे रिकामी खुर्ची खांद्यावर घेतलेले दोघे. तू वाटेत दोनदा बसलीस, तेही माझ्यासाठी, असं तू नंतर सगळ्यांना सांगितलंस. वर गेल्यावर स्तूपासमोर फुलं ठेवलीस आणि खांबाशी बसलीस. मला म्हणालीस, "आज तुज्यासारका बगते." डोळे मिटून नुसती बसलीस, खरोखर बराच वेळ. मग एक डोळा उघडून म्हणालीस, "बगून झाला. आता धरते." आणि हनुवटी खाली गेली.

उतरताना माझा पाय मुरमावरून सरकला आणि घोटा मुरगळला. उभं राहता येईना. धाकटा म्हणाला, "डोली हायच की!" आणि त्याला हसू आवरेना. मला खुर्चीत बसवलं. तू माझी छत्री आणि माझे बूट हातात घेऊन शेजारून उतरत होतीस आणि प्रत्येक वळणावर विचारत होतीस, "नामा, दम लागतोय का रं?"

खाली आल्यावर मी पाकीट काढलं. थोरला म्हणाला, "वर तर रिकामीच नेली सायेब, निम्मं द्या." मी म्हणालो, ठरलेलं आहे, पूर्ण घ्या. आमचं चाललं होतं तोवर तू कनवटीची पिशवी सोडलीस आणि माझा हात बाजूला केलास. "भाऊ माजा हाय, मी देते." सोळा रुपये मोजलेस. मग पिशवीत परत हात घातलास आणि आणखी दोन काढलेस. "हे वजनाचं," तू म्हणालीस. "तुमी म्हातारी न्यायची ठरवली व्हती, ह्यो तिच्यापरीस जड हाय." आणि अठरा रुपये त्या दोघा भावांच्या हातावर ठेवलेस.